वरचे नऊ मार्क

परीक्षा म्हटली की ती पास व्हायची असते, एवढं ताईला कळत होतं. जगात अशीही एखादी परीक्षा असते की जिच्यात नापास होणारा वाचतो आणि पास होणारा फासावर जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसला नसता, आणि त्यात तिचं काय चुकलं? तुमचा-आमचा तरी बसला असता का?

तसा सांगायचा प्रयत्न झाला होता म्हणा. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात रोलरपाशी उभी होती. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक, गरम होऊन बाहेर येते, ते यंत्र. त्याच्या घरघरीत शेजारणीचं बोलणं कळत नाही, तिथे फोनवरचं काय कळणार! तिने एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानावर फोन दाबला आणि हाती लागले तेवढे शब्द गोळा केले. बाळची बुद्धीची चाचणी. तीन आठवड्यांनी. तुरुंगातच एक बाई येऊन घेणार. कायद्याची रेघ सत्तरवर. बाळचा जीव आता त्या सत्तरवर. मधला एक शब्द रोलरने गिळला. तो शब्द होता 'खाली'.

"कळलं ना, ताई?" वकीलबाईंनी विचारलं.

"कळलं!" ताई ओरडली. "सत्तर!"

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय चौतीस, आणि उंची अशी की धुलाईखान्याच्या दारातून वाकून यावं लागे. चादरीची दोन टोकं ताईने धरायची, दोन बाळने, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि टोकं जुळवायची. हे त्या दोघांनी अकरा वर्षं केलं. बाळइतकी सरळ घडी सगळ्या धुलाईखान्यात कुणाची पडत नसे, हे मुकादमसुद्धा मान्य करायचा, आणि मुकादम सहसा काही मान्य करणाऱ्यातला नव्हता.

गल्लीत मात्र बाळचं नाव होतं होयबा. तो कशालाही हो म्हणायचा. जेवलास? हो. जेवायचंय? हो. टवाळ पोरं विचारायची, होयबा, तू गाढव आहेस का रे? हो. पोरं हसायची, मग बाळही हसायचा, कारण हसणाऱ्यांबरोबर हसावं एवढी रीत त्याला ठाऊक होती. खरं तर ही सवय त्याला आईनेच लावलेली. त्यांची वस्ती काळ्या माणसांची. आजोबा-पणजोबांना कधीतरी बंदरावर माल वाहायला आणलं होतं, ते तिथेच राहिले. त्या वस्तीत प्रत्येक आई मुलाला चालायला शिकवते आणि पाठोपाठ दुसरा धडा देते. गणवेशातला माणूस दिसला की हात त्याला दिसतील असे पुढे धरायचे, तोंड हसरं ठेवायचं, 'हो साहेब' म्हणायचं आणि जिवंत घरी यायचं. बाकीची मुलं हा धडा गणवेशापुरता शिकली. बाळने तो अख्ख्या जगाला लावून टाकला.

आणि एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात म्हातारा दुकानदार डोकं फुटून मेलेला सापडला. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी एका माणसाला बाहेर पडताना पाहिलं होतं. कसा होता? उंच होता, काळा होता. चेहरा? चेहरा काही दिसला नाही. आता त्या वस्तीत उंच आणि काळा माणूस शोधायचा म्हणजे धुलाईखान्यात पांढरी चादर शोधण्यापैकी. पोलिसांनी सात जण उचलले. सहा जण नाही म्हणाले. सातवा बाळ. ताई कामावर होती, नाहीतर ती आडवी पडली असती.

त्या दिवशीचं बोलणं टेपवर होतं, आणि ती टेप पुढे भर कोर्टात वाजवली. दुकानात गेला होतास? हो. (जायचाच तो, ताईच्या डोकेदुखीच्या गोळ्या आणायला, दर दोन दिवसांनी.) म्हाताऱ्याला तू मारलंस? हो. एकट्याने? हो. बरोबर कुणी होतं का? हो. पाणी हवंय? हो. यातलं पाणी आणि बरोबरचा माणूस एवढं सोडून बाकीचं सगळं कागदावर उतरलं. खाली बाळने त्याला काढता येणारं एकुलतं एक अक्षर काढलं आणि ती त्याची सही झाली. 'तू नाही ना मारलंस?' असं एकाने जरी विचारलं असतं, तरी तो हो म्हणाला असता. पण तसं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गुन्हा शाबीत झाला. आता शिक्षा तेवढी राहिली होती. ज्याची बुद्धी लहान मुलाइतकीच राहिली त्याला फासावर चढवायचं नाही, असं कायद्यात लिहिलं होतं, आणि बुद्धी किती ते चाचणीच्या गुणांवरून ठरणार होतं. सत्तरच्या खाली आला तर जन्मभराची कैद. सत्तर किंवा वर गेला तर फाशी.

हे आपल्याला कळतंय. ताईला फक्त सत्तर कळलं होतं. ती कामाला लागली.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने दुसरीचं पुस्तक आणलं. तुरुंगात दर बुधवारी वीस मिनिटांची भेट मिळे. मध्ये जाड काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. चाचणीआधी तीन बुधवार हाताशी होते. पहिल्या बुधवारी वार. दुसऱ्या बुधवारी तेच वार उलटे, कारण उलटे वार विचारतात असं मुकादम म्हणाला होता. तिसऱ्या बुधवारी उलट अर्थाचे शब्द.

"वर?" ताई काचेतून विचारायची.

"खाली."

"आत?"

"बाहेर!" हा शब्द बाळला फार आवडला होता.

"खरं?"

"खोटं."

"हो?"

बाळ हसला. "हो," म्हणाला.

"अरे, होच्या उलट काय ते सांग."

"हो, ताई."

तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. वीस मिनिटांतली तीन त्या एका शब्दावर गेली, तेव्हा तिने तो शब्द सोडून दिला. एका मार्काने काय मोठं आभाळ कोसळणार आहे, तिला वाटलं.

"सत्तर म्हणजे पास ना, ताई?" बाळने विचारलं. "पास झालो की घरी?"

ताईने काचेवर हात ठेवला. "पास झालास की घरी."

दारावरचा पहारेकरी तिला बाहेर सोडताना वैतागून म्हणाला, "बाई, हा दिवसभर वार म्हणतो. आता मलाच उलटे पाठ झालेत." ताईच्या मनात आलं, चला, अभ्यास चाललाय. त्या वर्षात ती पहिल्यांदाच पोटभर जेवली.

निकाल कळला तो वकीलबाईंच्या कचेरीत. वकीलबाई सरकारने नेमून दिलेल्या, गोऱ्या, वयाने ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान, केसांत पेन्सिल खोचलेल्या. सुरुवातीला ताईला त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. पण बाई बाळशी बोलताना आवाज चढवत नसत. काळ्या माणसाशी आणि मंद माणसाशी बोलताना लोकांचा आवाज का चढतो कोण जाणे, जसं काही दोघंही बहिरे असतात! बाईंचा चढत नसे, म्हणून ताईने त्यांना पदरात घेतलं होतं.

"अडुसष्ट!" वकीलबाई कागद नाचवत म्हणाल्या.

ताई मटकन खुर्चीत बसली. खुर्चीत फायली होत्या, त्यांच्यासकट बसली. "दोनच," ती म्हणाली. "दोन मार्कांनी गेला हो माझा भाऊ! दोन मार्कांसाठी कुणी माणसाचा जीव घेतं का, बाई? पेपर परत तपासून मिळत नाहीत का?"

"अहो ताई, हे चांगलं झालंय."

"नापास झालाय तो!"

"नापासच व्हायला हवा होता."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. बाई थट्टा करत नव्हत्या. मग त्यांनी शांतपणे, बोटाने टेबलावर रेघ ओढून, रेघेच्या वर काय आणि खाली काय ते सगळं सांगितलं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "मग मी ते पुस्तक उगाच आणलं."

"कुठलं पुस्तक?"

ताईने सांगितलं. वार, उलटे वार, वर-खाली, आत-बाहेर. वकीलबाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि नुसतीच हातात धरून बसल्या. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, ते असं.

"असू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "दोनने का होईना, खाली आहोत आपण."

त्या दिवशी घरी जाताना ताईने आनंद करून बघितला. भाऊ नापास झाला, छान झालं. भावाला डोकं कमी आहे, देव पावला. प्रत्येक पावलाला ती हे मनात म्हणत होती, पण आनंद काही होईना. आनंदाची सवय लागायला लागते आणि ही सवय तर उलटीच लावायची होती.

मग कोर्टात सरकारी डॉक्टर उभे राहिले.

माणूस वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. नीटनेटका, मऊ बोलणारा, साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना ताईला 'माफ करा' म्हणून वाट काढणारा. तो म्हणाला, अडुसष्ट हा आकडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आरोपी ज्या समाजातला आहे त्या समाजातली धडधाकट माणसंही या चाचणीत सरासरीने कमी पडतात. घरची परिस्थिती तशी, शाळा तशा. ते लक्षात न घेता नुसता आकडा धरला तर आरोपीची खरी बुद्धी झाकली जाईल. "त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून," डॉक्टर म्हणाले, "अशा वेळी गुण वाढवून धरावे लागतात. माझ्या हिशोबाने नऊ. अडुसष्ट आणि नऊ, सत्त्याहत्तर."

खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणाला ताईला बरं वाटलं. तिच्या माणसांना आजवर कुणी काही वाढवून दिलं नव्हतं. बाळ तिसरीत चार मार्कांनी गेला होता तेव्हा आई शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेच्या हातापाया पडली होती. ग्रेसचे चार मार्क द्या, पोरगं वर्गात नुसतं बसलं तरी चालेल. मुख्याध्यापिका म्हणाली, तुमच्या लोकांना सवलती दिल्या की बाकीच्यांवर अन्याय होतो, गुण म्हणजे गुण. आणि प्रगतिपुस्तकावर लाल शाईने एक शब्द लिहिला: मतिमंद. आईने घरी येऊन ते पुस्तक चुलीत घातलं. मरताना तिने ताईकडून एकच वचन घेतलं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, तो शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नये. ते जळलेलं पुस्तक आज असतं तर वकीलबाईंनी ते सोन्यात मढवून न्यायाधीशांपुढे ठेवलं असतं. आता शब्दही नव्हता, पुस्तकही नव्हतं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी मागितलेले ग्रेसचे मार्क चाराचे नऊ होऊन आले होते. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी.

वकीलबाई उठल्या. "डॉक्टर, हाच माणूस, हाच मेंदू, हीच उत्तरं. फक्त रंगाने गोरा असता, तर तुम्ही किती गुण वाढवले असते?"

"गोऱ्यांसाठी वाढवावे लागत नाहीत."

"म्हणजे अडुसष्ट. म्हणजे वाचला असता."

"मी जगण्या-मरण्याविषयी बोलत नाही, बाई," डॉक्टर अगदी सौम्यपणे म्हणाले. "मी गुणांविषयी बोलतोय."

दुपारच्या सुट्टीत ताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. डोक्यात सगळा गुंता झाला होता. डॉक्टर म्हणतो, बाळ दिसतो त्यापेक्षा हुशार आहे, आणि तो शत्रू. वकीलबाई म्हणतात, बाळला कळत नाही, आणि त्या आपल्या. शाळेत सगळं याच्या उलट होतं. उलट शब्द तिने बाळला शिकवले होते, आता तिलाच कुणीतरी शिकवायला हवे होते.

"आधी सराव करून घेतला तर अशा चाचणीत किती मार्क वाढतात?" तिने शेजारी बसलेल्या वकीलबाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. कधी पाच. कधी आठसुद्धा."

ताईने बोटांवर मोजलं. अडुसष्टातून आठ गेले, साठ. साठ आणि डॉक्टरचे नऊ, एकोणसत्तर. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा एकोणसत्तरच. ते पुस्तक आणलं नसतं तर डॉक्टरचे नऊ धरूनही बाळ रेघेच्या खाली राहिला असता. वकीलबाईंनी तिची बोटं पाहिली होती.

"म्हणूनच तुम्हाला साक्ष द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सराव करून घेतलात ते सांगायचं. आणि लहानपणापासून त्याला काय काय जमत नाही ते. सगळं, न झाकता."

"त्याच्यासमोर?"

"हो."

"तेवढा वेळ त्याला बाहेर बसवा ना."

"आरोपीला बाहेर ठेवता येत नाही, ताई. समोर बसून सगळं ऐकणं हा त्याचा हक्क आहे."

ताईला हसू आलं. जन्मात मिळालेला पहिला हक्क, तो हा!

ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा बाळने आरोपीच्या कठड्यातून तिला हात केला. धुलाईखान्यात रोलरच्या पलीकडून करायचा तसाच. तिने सराव सांगितला, तीन बुधवार सांगितले. घड्याळ कळत नाही, बुटांचे बंद बांधता येत नाहीत, रस्ता ओलांडताना अजून तिचा हात लागतो, हेही सांगितलं. सांगताना ती न्यायाधीशांच्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती.

मग सरकारी वकील उठले. "तुमचा भाऊ अकरा वर्षं चादरींचे गठ्ठे बांधायचा. एका गठ्ठ्यात किती?"

"वीस."

"चुकायचा?"

"नाही."

"अकरा वर्षं वीस-वीस मोजून बांधणाऱ्याला मोजता येत नाही, असं आम्ही मानायचं?"

"तो मोजायचा नाही, साहेब," ताई म्हणाली. "भिंतीवर मी निळ्या पेन्सिलीने रेघ मारून दिली होती. वीस चादरी एकावर एक ठेवल्या की रेघेपर्यंत येतात. रेघ आली की बांधायचं, एवढंच त्याला ठाऊक. मग एकदा नव्या चादरी आल्या, पातळ. रेघेपर्यंत सव्वीस बसायला लागल्या. वॉर्डांतून तक्रारी आल्या, मुकादम त्याला सगळ्यांदेखत बोलला. तो रडत माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, रेघ तर तीच आहे. मी त्याला परोपरीने सांगितलं. त्याला कळलं नाही. शेवटी मी रेघच खाली घेतली."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "ताई, एका वाक्यात सांगा. तुमचा भाऊ कसा आहे?"

बाळ तिच्याकडे बघत होता. गठ्ठ्यांची गोष्ट आपली आहे हे त्याला कळलं होतं आणि तो खूश होता. ताईच्या मनात आई उभी राहिली, चुलीपुढची. ताईला तिचा भयंकर राग आला, आणि तिची तेवढीच आठवणही आली.

"मतिमंद आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ मतिमंद आहे."

हा शब्द बाळला माहीत होता. शाळेच्या आवारात तो त्याने भरपूर ऐकला होता. फक्त घरात कधी ऐकला नव्हता. त्याचं हसू गेलं. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या सदऱ्याची कडा बोटांनी सरळ करायला लागला.

सरकारी वकिलांचं संपलं नव्हतं. "भेटी तीन. प्रत्येकी वीस मिनिटं. म्हणजे तासाभरात, काचेपलीकडून, तुम्ही त्याला वार सुलटे आणि उलटे शिकवलेत?"

"हो."

"म्हणजे शिकवलं तर येतं."

ताईने तोंड उघडलं. हो म्हणावं तर बाळ जातो. नाही म्हणावं तर आत्ताच सांगितलेलं खोटं ठरतं आणि तरी बाळ जातो. इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय! ती न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, मला कळत नाहीये," ती म्हणाली. "याला तिसरीत चार मार्क कमी होते. आम्ही मागितले, तर गुण म्हणजे गुण असं सांगितलं. ते तेव्हा दिले असते तर चौथीत बसला असता, एवढंच. आता न मागता नऊ देताय. तेही रंग बघून. तुमच्यातल्या कुणाला दिलेत का हो असे कधी? रेघ तीच ठेवलीत आणि माझ्या भावाचीच चादर तेवढी..."

"प्रश्न वकिलांनी विचारायचे असतात," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदाराने नाही." पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

चार दिवसांनी निर्णय होता. न्यायाधीशांनी पाऊण तास वाचलं. ताईला त्यातलं फारसं काही कळलं नाही. बहिणीची माया समजण्यासारखी आहे, असं मध्येच एकदा कानावर आलं. शिकवल्यास ग्रहण करण्याची क्षमता, असं आलं. सरावाने नेमके किती गुण वाढले याला पुरावा नाही, असंही आलं. तज्ज्ञांनी सुचवलेली वाढ शास्त्रीय आणि आरोपीच्याच समाजाला न्याय देणारी आहे. सबब आरोपीचे गुण सत्त्याहत्तर.

"ताई!" कठड्यातून बाळ ओरडला. "सत्त्याहत्तर!"

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. पुढची दोन वाक्यं त्यांनी कागदावरून मान वर न करता वाचली, आणि ती ऐकून मागच्या बाकांवर वस्तीतल्या कुणीतरी हुंदका दिला. बाळचं त्या वाक्यांकडे लक्षच नव्हतं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, सत्तरच्या पुढे किती ते. न्यायाधीश उठून आत गेल्यावर पोलिसांनी ताईला कठड्यापर्यंत जाऊ दिलं.

"सत्तरला पास," बाळ म्हणाला. "मला सत्त्याहत्तर."

"ऐकलं रे मी."

"तू त्या दिवशी म्हणालीस मला येत नाही. तो शब्द म्हणालीस."

"म्हणाले."

"मग चुकलीस ना?"

"चुकले रे राजा," ताई म्हणाली. "फार चुकले."

बाळने कठड्यावरून हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि थोपटलं. सव्वीस चादरींच्या दिवशी तिने त्याला थोपटलं होतं तसंच. "असू दे," तो म्हणाला. "चूक होते माणसाची. मी रागावलो नाही." मग त्याने खाली वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं. "आता घरी?"

पाठीमागून वकीलबाई काहीतरी सांगत होत्या. वरचं कोर्ट, तीस दिवस, धीर सोडू नका. दोन्ही बाजूंना दोन गणवेश उभे होते आणि त्यातला एक बेडी हातात घेऊन वाट बघत होता. ताईने भावाकडे पाहिलं. तोंड हसरं केलं.

"हो," ती म्हणाली.

बाळने समाधानाने मान हलवली, गणवेशाकडे वळला आणि आईने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात दिसतील असे पुढे धरले.